आधी दिवा, मग मी

ओनोकी गावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण ती कुणी कुणाला मोठ्याने सांगत नसे. शाळेच्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या भारतीय बाईंचा एकुलता एक मुलगा म्हणे त्याच वळणावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून बाई तिथे उभ्या आहेत. ऊन म्हणत नाहीत, बर्फ म्हणत नाहीत. वळणाच्या कडेला जिझोची गुडघाभर उंचीची दगडी मूर्ती आहे, मुलांचा पाठीराखा देव. ती त्या मुलाचीच. बाई रोज सकाळी तिचं तोंड फडक्याने पुसतात, गळ्यातलं लाल लाळेरं सरळ करतात आणि मगच शिट्टी ओठांना लावतात. हे सांगताना गावातल्या बायका आवाज इतका खाली नेत, की ऐकणारीला पुढे झुकावंच लागे.

अश्लेषाने हे वर्गातल्या एका मुलीकडून ऐकलं तेव्हा तीही आधी पुढे झुकली, आणि मग बाकावर डोकं टेकून हसत सुटली. कारण तो गेलेला मुलगा, म्हणजे रेनदादा, सेंदाईच्या विद्यापीठात शिकत होता आणि दर रविवारी आईला फोन करून फोडणीत आधी हिंग की आधी मोहरी ते विचारत होता. स्कूटरवरून तो तीनदा पडला होता आणि तिन्ही वेळा कपडे झटकून उठला होता. आणि जिझो? जिझो त्या बाई, म्हणजे स्नेहलतामावशी, जपानात यायच्या दोनशे वर्षं आधीपासून तिथे होता. त्याच्या पाठीमागे एक कोरडा कोनाडा होता, तिथे मावशी छत्री, रेनकोट आणि चहाचा थर्मास ठेवत.

"ज्याच्या घरात रोज सामान टाकायचं, त्याचं तोंड तरी पुसायला नको?" मावशी म्हणत.

खरी हकिकत इतकी रडवणारी नव्हती. स्नेहलता कुवायामा मूळच्या कराडच्या. पुण्यात एका कारखान्यात पत्रे दाबायची अजस्र यंत्रं बसवायला जपानहून चौघे जण आले होते. त्यांतले कुवायामा सगळ्यांत कमी बोलत, म्हणून त्या कारखान्याच्या कचेरीत टाइप करणाऱ्या स्नेहलताबाईंना ते आवडले. लग्न होऊन बाई नागोयाच्या पूर्वेला, मोटारींच्या कारखान्यांनी वेढलेल्या ओनोकीत आल्या. एक्याऐंशी साली नगरपालिकेच्या फळ्यावर जाहिरात लागली: शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायला बाई हवी, सकाळी दीड तास, दुपारी दीड तास. मावशींनी नवऱ्याला एकच प्रश्न विचारला, "ह्यात ती कांजी अक्षरं किती लिहावी लागतील?"

कुवायामा-सान म्हणाले, "एकही नाही. जे लिहायचं ते झेंड्यावर आधीच लिहिलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी मावशींनी अर्ज केला. हिरवा कोट, हिरवी टोपी मिळाली. ह्या कामाच्या बायकांना इथे 'मिदोरी नो ओबासान' म्हणतात, म्हणजे हिरव्या मावशी. ओनोकीत हिरवी मावशी एकच होती.

आता अश्लेषाबद्दल. वय वर्षं चौदा. बाबा, सत्यजित, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. आई, वीणा, घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी. अश्लेषाला एकच खोड होती: कानात शिरलेलं तोंडातून बाहेर आल्याशिवाय राहायचं नाही. स्टेशनातल्या घोषणेचा नाकातला सूर, रॉकेल विकायला येणाऱ्या गाडीचा रडका कर्णा, फोनवर साहेबाशी बोलताना कमरेत वाकणारे बाबा, सगळं तिच्याकडे तयार. नागोयातल्या मराठी मंडळींच्या दिवाळीला जेवणं उरकली की लोक तिच्याभोवती कोंडाळं करत आणि फर्माइशी सुटत.

एकट्या स्नेहलतामावशी तिच्या हाती लागत नव्हत्या. आवाज ना चढा, ना उतरता. हातवारे नाहीत, लकब नाही. नकलेला खुंटी म्हणून सापडेना. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र ती सापडली. मावशी अलीकडे तिरक्या उभ्या राहायला लागल्या होत्या. उजवा खांदा पुढे, मान वाकडी, एक पाय किंचित मागे, हुबेहूब तळ्यातला बगळा. अश्लेषाने लाटण्याचा झेंडा करून तो बगळा दिवाळीत केला आणि लोकांच्या हसण्याने पुरणपोळीचं ताट कुणाच्यातरी मांडीवरून घसरलं. मावशी पहिल्या रांगेत होत्या. त्याही हसल्या. फक्त म्हणाल्या, "खांदा अजून थोडा पुढे घे. मी तेवढा घेते."

त्या साली प्रांताच्या तिजोरीत खडखडाट झाला. मोटारी खपेनात, कारखान्यांचा नफा आटला, नफ्यावरचा कर आटला. प्रांताने गावांना द्यायच्या पैशाला कात्री लावली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? न्हाव्याच्या दुकानात, सार्वजनिक न्हाणीघरात, जिथे दोन माणसं कपडे काढून किंवा घालून बसत तिथे हीच चर्चा. एक म्हणे, गेल्या वर्षीच विक्रीकर तीनाचा पाच झाला, आता वर आणि सोयीही काढता? दुसरा म्हणे, सोयी हव्यात तर अजून कर द्या की. तिसरा म्हणे, आधी नगरसेवकांचे दौरे बंद करा, मग माझ्या खिशात हात घाला. अश्लेषाने तिघांच्याही नकला बसवल्या, आणि गंमत म्हणजे ज्याची नक्कल करावी त्याचंच म्हणणं तिला तेवढ्यापुरतं पटे.

नगरपालिकेने कपातीची यादी छापून घरोघर वाटली. वाचनालय सोमवारी बंद. तलावाची फी वाढणार. उन्हाळ्यातली आतषबाजी रद्द. आणि एकतिसाव्या क्रमांकावर, एका ओळीत: 'शाळेच्या वळणावरील राखण, एक जागा, एप्रिलपासून रद्द.'

यादी करणारे गृहस्थ म्हणजे वित्त विभागाचे प्रमुख हामादा-सान. माणूस वाईट नव्हता. कोपर झिजलेला कोट घाली, जेवणाच्या सुट्टीत कचेरीतले दिवे स्वतः फिरून बंद करी. पण नाही म्हणायच्या आधी ते दातांमधून हवा आत ओढत, लांबलचक, जणू गरम चहा पितायत. त्या 'स्स्स्स'नंतर जे काही येई त्याचा अर्थ एकच असे. गावसभेत अश्लेषाने तो आवाज एकदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी वळणावर मावशींसमोर सादर केला.

मावशी शेवटच्या मुलाला पलीकडे सोडून आल्या. "छान. पण तू हवा डावीकडून ओढतेस. तो उजवीकडून ओढतो. त्याची उजवीकडची दाढ किडली आहे."

अश्लेषाने उजवीकडून ओढून पाहिली. समोर साक्षात हामादा-सान. ओनोकीत सगळ्यांत तिखट कान आपलाच, असं तिला आजवर वाटत होतं. त्या समजाला तिथे पहिला तडा गेला.

"मावशी, ते तुम्हाला काढतायत. तुम्ही त्यांची दाढ काय बघताय?"

"काढू देत की. माझी हरकत काढण्याला नाही. क्रमाला आहे."

हा क्रम काय ते समजायला अश्लेषाला आठवडा लागला. वीणाने तोवर 'मावशींची जागा वाचवा' म्हणून सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. मावशी घरी येऊन तो कागद बघून गेल्या आणि वीणाला म्हणाल्या, "वीणा, सह्या ठेव. मजकूर चुकलाय."

कुणीही रहिवासी, मतदार असो वा नसो, गावच्या सभेकडे विनंतीअर्ज करू शकतो. सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि खिडकीत द्यायचा. मावशी अर्ज घेऊन गेल्या तेव्हा अश्लेषा सोबत होती. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, मग उलटा करून मागची बाजू पाहिली, मग पुन्हा वाचला.

"कुवायामा-सान, तुम्हाला लिहायचं होतं की जागा रद्द करू नये. इथे लिहिलंय रद्द करावी."

"बरोबर आहे."

"पण ही जागा तुमची आहे."

"म्हणूनच मला लिहिता येतंय."

अर्जात तीनच वाक्यं होती. शाळेच्या वळणावर सिग्नलचा दिवा लावावा. ज्या दिवशी दिवा लागेल त्या दिवशी माझी जागा रद्द करावी. त्याच्या आधी एकही दिवस नाही.

परतताना मावशींनी उलगडून सांगितलं. झेंडा धरणारी बाई गावच्या पैशाने उभी राहते; दिवा प्रांताच्या पोलिसांच्या पैशाने उभा राहतो. गाव म्हणतं, आम्ही बाई काढतो, दिव्याचं प्रांताला विचारा. प्रांत म्हणतो, पैसे नाहीत, आणि तुमच्याकडे बाई आहे की. "तू राणी, मी राणी, मग भरायचं कोणी पाणी? दोघींची भांडणं मिटेपर्यंत वळणावर काहीच नसणार. बाई नाही आणि दिवाही नाही. मुलं मात्र असणार."

"मग तुमची जागा ठेवा एवढंच का नाही मागत?"

"मी दिवसाला तीन तास असते. दिवा चोवीस तास असतो. रविवारी मुलं खेळायला जातात तेव्हा मी घरी भाजी चिरत असते."

डिसेंबरात समितीची बैठक होती. परीक्षेचे दिवस, शाळा बाराला सुटायची. अश्लेषा दप्तरासकट श्रोत्यांच्या बाकावर जाऊन बसली. दारावर नाव-पत्ता लिहून घेतला, टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही असं बजावलं. सात सभासद, एका बाजूला हामादा-सान फायलींच्या ढिगासह, मधे मावशी. त्यांना बोलायला पाच मिनिटं.

त्या तोंड उघडणार एवढ्यात नीवा-सान उठले. पूर्वी भाजीचं दुकान चालवणारे, आता नगरसेवक. मन लोण्याचं आणि आवाज कापरा. ते मावशींची बाजू घ्यायला उभे राहिले होते. म्हणाले, "सभासदहो, आकडे आपण रोज बघतो. आज एक आई बघा. ज्या वळणाने हिचं मूल नेलं, त्याच वळणावर ही सतरा वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळते आहे. हिची जागा खोडायला आपला हात उचलेल?"

एका बाईंनी रुमाल काढला. अध्यक्षांनी मान खाली घातली. खुद्द हामादा-साननी पेन खाली ठेवलं. अश्लेषाला बसल्या जागी दिसलं, की झालं, जिंकलो. मावशींनी आता फक्त गप्प बसायचं. मान थोडी खाली घातली की जागाही राहील, दिवाही येईल, सगळंच येईल.

मावशी उभ्या राहिल्या, नीवा-सानना कमरेतून वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "माफ करा. माझा मुलगा जिवंत आहे. सेंदाईला असतो. काल त्याचा फोन आला होता."

रुमाल काढलेल्या बाईंना तो परत ठेवावा की राहू द्यावा ते कळेना. नीवा-सान कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि हळूहळू, जागा चाचपत, खाली बसले. हामादा-साननी पेन उचललं.

त्यांनी उजवीकडून हवा ओढली. मग कागद वाचला. प्रांताने ह्याच वर्षी त्या वळणाची मोजणी करून घेतली आहे. एक मे, शुक्रवार, शाळेचा दिवस. सकाळच्या मोजणीच्या तासाभरात ट्रक फक्त चौदा. दिव्यासाठी लागणाऱ्या आकड्याच्या हे जवळपासही जात नाही. प्रांताची स्थिती सभासदांना माहीत आहेच. विनंतीचा आदर करून, खेदपूर्वक.

"चौदा बरोबर आहेत," मावशी म्हणाल्या. "मी तिथेच होते. तोक्योहून एक बायतोचा, म्हणजे रोजंदारीवरचा, मुलगा आला होता. घडीच्या खुर्चीत बसून हातातलं यंत्र दाबत होता. सकाळचा गारवा होता म्हणून मी त्याला चहा दिला. त्याला म्हटलं, बाळा, आज मोजू नकोस, दुसऱ्या दिवशी ये. तो म्हणाला, मला आजच मोजायला पाठवलंय. त्याने प्रामाणिकपणे मोजलं. पण दिवस कुठला होता? पहिली मे."

एवढंच बोलून त्या थांबल्या. आणि अश्लेषाने पाहिलं, की ते दोन शब्द टेबलाभोवती एकेकाच्या डोक्यात कसे उतरत गेले. पहिली मे. सरकारी कॅलेंडरात कामाचा दिवस, शाळा चालू. पण ओनोकीत सरकारी कॅलेंडर कोण बघतं? इथे मोटारींच्या कारखान्यांचं वेगळं कॅलेंडर घरोघर लटकतं, आणि त्यात एप्रिलच्या शेवटापासून पाच मेपर्यंत सलग सुट्टी. यंत्रं बंद, ट्रक बंद. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाचा भाऊ नाही तर जावई त्या कारखान्यात होता, प्रत्येकाने ती सुट्टी उपभोगली होती, आणि तरी हा कागद सात महिने सगळ्यांच्या हातांतून फिरला होता.

हामादा-साननी पुन्हा हवा ओढली. पण ह्या वेळी बराच वेळ आत धरून ठेवली आणि मग नुसतीच सोडून दिली. तसं करताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

ठरलं असं, की समितीने पुढच्या मंगळवारी सकाळी वळणावर जाऊन स्वतः बघावं.

जिना उतरताना अश्लेषा म्हणाली, "मावशी, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? नीवा-साननी सगळं जमवून आणलं होतं."

"रेनला मारून जागा टिकवू?"

"तसं नाही, पण..."

"आणि एक खोटं मी तिथे चालवून घेतलं असतं, तर माझे ट्रक खरे कुणी मानले असते?" मग काही पायऱ्या उतरून त्या म्हणाल्या, "रेनला सांगायला हवं मात्र. तो मेल्याचं ऐकून खूश होईल."

मंगळवारी पावणेआठला सातही सभासद वळणावर. जमिनीवर हिम, तोंडातून वाफा, खिशात हात. हामादा-सान गळ्याला विणलेली पट्टी गुंडाळून. वळण असं, की डोंगराच्या कडेने येणारा रस्ता शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. गाडी दिसते तेव्हा ती आलेलीच असते. मुलांच्या रांगा येऊ लागल्या, पुढे सहावीतला म्होरक्या, मागे पिवळ्या टोप्यांची पिल्लं. मावशी मुलांकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून, त्यांच्या त्या बगळ्याच्या पवित्र्यात उभ्या होत्या.

"थांबा," त्या मुलांना म्हणाल्या. रस्ता रिकामा होता. सभासद एकमेकांकडे बघू लागले. "काचवाला येतोय."

दहा आकडे मोजावेत इतका वेळ गेला. मग वळणावरून ट्रक आला, पाठीवर मोटारींच्या काचा उभ्या रचलेल्या.

"त्याच्यामागे सीटवाले. दोघे."

दोन ट्रक, पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या सीटा.

"आता जा." मुलं गेली, पलीकडे पोचून वळली, झेंडा पाहून थांबलेल्या गाडीला वाकून नमस्कार करून पुढे गेली. "थांबा. टायर."

टायर.

एक सभासद नीवा-सानच्या कानाशी लागला. कुजबुज ऐकण्यात अश्लेषा पटाईत; तिने ऐकलं. तो म्हणत होता, घड्याळ पाठ आहे हो, हे ट्रक मिनिटाच्या हिशेबाने कारखान्यात पोचतात.

मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. "सात पन्नासला काचवाला दुसरा. पण हा तो नाही. हा रिकामा आहे, आणि ह्याचा ताडपत्रीचा पट्टा सुटलाय. मुलांनो, दोन पावलं मागे."

मुलं मागे सरकली. वळणावरून एक रिकामा ट्रक आला, आणि त्याच्या बाजूने सुटलेला पट्टा सापासारखा हवेत फटकारे मारत गेला, जिथे क्षणापूर्वी पिवळ्या टोप्या होत्या तिथून. नीवा-सानच्या तोंडातून वाफसुद्धा निघाली नाही.

अश्लेषाने डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. जिच्यासमोर जगातला कुठलाही आवाज टिकत नव्हता ती अश्लेषा. तिला ऐकू आलं ते एवढंच: घर्र. मग पुन्हा घर्र. सगळे घर्र सारखे. आणि मावशींना त्या एका घर्रमध्ये काच, कापड, रबर, रिकामपण आणि एक सैल बक्कल ऐकू येत होतं, तेही ट्रक डोंगराआड असताना. आपण इतकी वर्षं नुसती वरची साल सोलत होतो, असं तिला वाटलं; इथे एक बाई गाभा ऐकत होती, आणि त्याबद्दल तिला कुणी कधी दिवाळीत टाळ्या दिल्या नव्हत्या.

वीस मिनिटांत ऐंशी ट्रक गेले. हामादा-साननी स्वतः मोजले, हातमोज्यात पेन्सिल धरून.

नीवा-सानना हुरूप आला. "आता तरी पटलं ना? असा कान कुठल्या दिव्याला असतो? दिवा राहू द्या, ह्या बाईंनाच ठेवा. कायमचं ठेवा." सगळे मान डोलवू लागले. हामादा-सानसुद्धा. दिव्यासाठी प्रांताच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा एका बाईचा पगार सोपा, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

अश्लेषा मनात म्हणाली, मावशी, आता तरी. आता तरी गप्प बसा.

मावशींनी शेवटची रांग पार करून दिली, झेंडा गुंडाळला आणि त्या सभासदांकडे वळल्या.

"एक मेला त्या मुलाच्या यंत्रात चौदा ट्रक झाले," त्या म्हणाल्या. "माझे तेरा झाले होते."

कुणाला काही कळलं नाही.

"मी रोज मनात मोजते. सतरा वर्षांत चूक झाली नव्हती. त्या दिवशी रस्ता शांत, तरी एक सुटला. मी त्याला म्हटलं, तुझा एक जास्त झालाय. तो म्हणाला, नाही काकू, तुम्ही त्या मुलीच्या बुटाची नाडी बांधत होतात ना, तेव्हा तुमच्या डावीकडून गेला. मी डॉक्टरकडे गेले. डावा कान गेलाय. उजवा अजून आहे, म्हणून मी अशी उभी राहते." त्यांनी खांदा पुढे घेऊन दाखवला. "उजवाही जाणार आहे. दोन वर्षं म्हणतात, नाही तर तीन. तुम्ही मला कायमची ठेवलीत, तर एक दिवस असा येईल की मी मुलांना जा म्हणेन आणि मला वाटेल रस्ता रिकामा आहे."

ट्रक जात राहिले. अश्लेषा जिझोच्या शेजारी उभी होती. लाटण्याचा झेंडा, घसरलेलं ताट, लोकांचं हसणं, आणि मावशींचं ते 'खांदा अजून थोडा पुढे घे', सगळं तिला एकदम आठवलं. हे ज्यांना लपवून जागा टिकवता आली असती, त्यांनीच ते चौकात, गावच्या पुढाऱ्यांसमोर, ट्रकांच्या आवाजात सांगितलं होतं. आणि सांगताना आवाज ना चढला, ना उतरला.

संध्याकाळी ती मावशींकडे माफी मागायला गेली. मावशी मटार सोलत होत्या.

"कसली माफी? नक्कल बरोबर होती. तुला दिसलं ते तू केलंस. गावात आणखी कुणाला तेवढंही दिसलं नव्हतं. घे, मटार सोल."

मार्चमध्ये गावचा अर्थसंकल्प मंजूर झाला. वाचनालय सोमवारी बंद झालंच. तलावाची फी वाढलीच. आतषबाजी गेलीच, आणि न्हाव्याच्या दुकानातली भांडणं काही मिटली नाहीत. पण एकतिसाव्या ओळीपुढे चार शब्द वाढले होते: दिवा लागेल त्या दिवसापासून. हामादा-सान स्वतः प्रांताच्या कचेरीत तीन खेपा घालून आले. फेब्रुवारीत पुन्हा मोजणी झाली होती, साध्या गुरुवारी, आणि तासाला दोनशेवर आकडा गेला होता. त्या वर्षी प्रांताने मोजकेच नवे दिवे लावले. त्यांतला एक ओनोकीला आला.

नव्याण्णवच्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी दुपारी, दिवा सुरू झाला. खांबाला पिवळी पेटी, पेटीला बटण. पोलिसाने बटण दाबलं, लाल झालं, एक काचवाला ट्रक निमूट थांबला. मावशींनी शेवटची रांग दिव्यावर पार करून दिली, जिझोच्या मागून छत्री, रेनकोट, थर्मास काढला, त्याचं तोंड पुसलं, आणि झेंडा, टोपी, कोट घडी करून पालिकेच्या माणसाच्या हाती दिला. त्याने पावती दिली.

आता पंधरा वर्षांची झालेली अश्लेषा त्यांच्यासोबत घरी चालली होती. म्हणाली, "मावशी, सोमवारी सकाळी सव्वासातला तुम्ही तिथे असणार."

"नसणार."

"अठरा वर्षांची सवय आहे. पाय आपोआप जातील. लांब उभ्या राहाल, पण याल. दिवा नीट चालतो का बघायला याल."

"पैज?"

"पैज. मी जिंकले तर तुमची शिट्टी माझी." शिट्टी मावशींची स्वतःची होती, कराडहून आणलेली, पितळी.

"आणि मी जिंकले तर तू एक महिना कुणाचीही नक्कल करायची नाहीस. घरात नाही, शाळेत नाही, मनातल्या मनातही ओठ हलवायचे नाहीत."

अश्लेषाने टाळी दिली. इतकी सोपी पैज तिने आयुष्यात लावली नव्हती.

सोमवारी सात दहालाच ती वळणावर हजर. सव्वासात. साडेसात. म्होरक्याने बटण दाबलं, दिवा बदलला, ट्रक थांबले, पिवळ्या टोप्या पलीकडे गेल्या, वळून वाकल्या, निघून गेल्या. कुणी इकडेतिकडे पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. अश्लेषाने विजेच्या खांबाआड पाहिलं, भाताच्या गिरणीच्या छपराखाली पाहिलं. मावशी कुठेच नव्हत्या. पैज बाजूला राहिली आणि तिला भीतीच वाटायला लागली. कान? की घरी एकट्याच रडत बसल्या असतील? ती धावत सुटली.

दार कुवायामा-साननी उघडलं. ओठांवर बोट ठेवून, भुवया वर करून, त्यांनी श्वासातल्या श्वासात एवढंच म्हटलं: झोपली आहे. अठरा वर्षांत कामाच्या दिवशी ह्या वेळेला ही बाई झोपलेली त्यांनी पाहिली नव्हती, म्हणून तेही चपला न घालता दबकत चालत होते. आणि मग त्यांना हसू आलं, त्यांचं ते नाकातून तीन टप्प्यांत येणारं, शेवटी उचकीसारखं अडकणारं हसू, ज्याच्यामागे अश्लेषा दोन वर्षं होती आणि जे तिला इतक्या जवळून कधीच मिळालं नव्हतं. तिचे ओठ आपोआप त्या आकारात वळले आणि नाकातून पहिला टप्पा निसटला.

आतून, पांघरुणाखालून, मराठीत आवाज आला. "अश्लेषा, मला अजून ऐकू येतं. एक महिना."

तिने ओठ मिटले.